मन्मथप्पांचा गांधार

परभणीत मन्मथप्पांच्या कापड दुकानात गिऱ्हाइकानं गुणगुणायचं नसे. भावात घासाघीस केलेली चाले, दहा ठाणं उलगडायला लावून काही न घेता उठून गेलेलंही चाले. पण गादीवर बसल्या बसल्या कुणी नाकातल्या नाकात एखादं पद ओढायला लागलं की आप्पांचा मोजायच्या गजावरचा हात थांबायचा. "भाऊ, एक तर गा, न्हाईतर कापड बघा," असं ते म्हणायचे आणि तो माणूस गप्प व्हायचा. ओळखीच्या बायका तर नव्या सुनेला पायरीवरच ताकीद देऊन आत आणायच्या.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. पेडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. वर्गात गणित उर्दूतून शिकवायचो आणि मनातला हिशोब मराठीतून करायचो. निजामाच्या राज्यात आम्हा सगळ्यांचंच तसं होतं. माझी खोली आप्पांच्या दुकानामागच्या बोळात होती. गाणं मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. मात्र मांडी न बदलता हवा तितका वेळ बसता येतं हा माझा एकुलता एक गुण आप्पांनी हेरला आणि मठातल्या सोमवारच्या भजनाला तंबोरा माझ्या हातात दिला. तेव्हापासून परभणी सुटेपर्यंत तंबोरा छेडायचं काम माझं होतं. आप्पांविषयी जे सांगतोय ते सगळं त्या जागेवरून दिसलेलं आहे.

आप्पा उंच, हाडापेरानं मोठे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. आवाज गोड होता असं त्यांच्या बायकोनंही कधी म्हटलं नसतं. खरखरीत होता. पण तो ज्या जागी लागायचा त्या जागेवरून हलायचा नाही. मठातल्या एका म्हाताऱ्या जंगमाकडे ते लहानपणी शिकले होते. त्या जंगमानं काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, हा त्यांचा षड्ज, गाण्याचा सा, ठरवून दिला आणि आप्पा जन्मभर तिथूनच गायले. सर्दी असो, उपास असो, पट्टी तीच. माझा असा समज आहे की जगातल्या बाकीच्या माणसांनाही सा म्हणून दुसरी एखादी जागा असू शकते, हे त्यांना ठाऊक होतं पण पटलेलं नव्हतं.

त्यांच्या कानाची गावाला दहशत होती. भांड्यांच्या दुकानात ते घागर घ्यायला गेले की बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायचे, आणि नाद फुटका वाटला तर तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जायचे. दुकानदार बिचारे त्यांना लांबून येताना पाहून काही घागरी मागं सरकवत. मठातल्या घंटेशी तर त्यांचं वैरच होतं. ती घंटा तंबोऱ्याच्या षड्जाशी जुळत नव्हती. भजनात मधेच कुणी भाविक येऊन ठण्णकन वाजवायचा आणि आप्पांचं अंग आक्रसायचं. एका सोमवारी त्यांनी सरळ घंटेच्या लोलकाला फडकं बांधलं. मठाचे स्वामी म्हणाले, देवाला कळायला नको का कुणी आलं म्हणून? आप्पा म्हणाले, देव बहिरा असंल तर फडकं काढा. स्वामी शहाणे होते. त्यांनी फडकं तसंच राहू दिलं आणि भजन संपल्यावर स्वतःच्या हातानं काढलं.

मला त्यांनी तंबोरा दिला त्या दिवशी काय शिकवलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. त्यांनी तारा जुळवल्या आणि म्हणाले, मास्तर, ही शेवटची जाड तार छेडा आन ऐका. मी ऐकलं. मला घुंऽऽ ऐकू आलं. ते म्हणाले, अजून ऐका. घुंऽऽ. असे किती सोमवार गेले कोण जाणे. मला आप्पांचा राग यायला लागला, तंबोऱ्याचा त्याहून जास्त. मग एका संध्याकाळी, मी ऐकायचा प्रयत्न सोडून नुसता बसलो असताना, त्या खर्जाच्या तारेतून आणखी एक सूर वर आला. बारीक, शांत, कुणी छेडलेला नसताना. मी दचकून आप्पांकडे पाहिलं. "भेटला का गांधार?" ते म्हणाले. "त्यो कुणी लावत न्हाई. तारेतच असतो. आपण फकस्त त्याच्या जागी जाऊन बसायचं."

आणि नेमका हाच गांधार, सारेगमतला ग, पेटीत नव्हता. हार्मोनियमवर षड्जापासून षड्जापर्यंत बारा पट्ट्या, सगळ्या सारख्या अंतरावर. त्यामुळे कुठल्याही पट्टीला सा धरून वाजवता येतं, पण त्यासाठी प्रत्येक सुराला आपल्या खऱ्या जागेवरून थोडं हलावं लागतं. गांधार तर चांगला चढाच होतो. पुष्कळांना तो फरक कळत नाही. आप्पांना तो डोळ्यांत खडा जावा तसा सलायचा. मठात त्यांनी पेटी येऊ दिली नव्हती.

गावात पेटी वाजवायचे ते दिगंबरराव वकील. बुटके, गोरे, हसरे, कोर्टात अस्खलित उर्दू बोलणारे. कलकत्त्याहून मागवलेली त्यांची पेटी ते स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे. वकिलीणबाई म्हणायच्या, मला कधी इतकं हळू हात लावला नाही. आप्पा आणि वकील हे बालमित्र. रोज संध्याकाळी कोर्ट सुटलं की वकील दुकानात येऊन बसायचे आणि चहा यायच्या आत भांडण सुरू व्हायचं.

वकिलांचं म्हणणं असं की पेटीनं न्याय केलाय. सगळ्या सुरांनी थोडं थोडं सोसायचं, म्हणजे कुणा एकावर फार अन्याय होत नाही. कायदा तरी दुसरं काय करतो? आप्पा म्हणायचे, कापड सारखं कापावं, सूर सारखे कापू नयेत. आणि थोडं खोटं तुमच्या कोर्टात चालत असेल, माझ्या तंबोऱ्यात चालत नाही. मग वकील आपला हुकमी मुद्दा काढायचे. ते म्हणायचे, तुझा तंबोरा एकाच सा चा गुलाम. उद्या एखादी बाई काळी पाचमध्ये गायला बसली तर तू अर्धा तास खुंट्या पिळत बसशील. माझी पेटी तिलाही साथ करील, तुलाही करील, त्या घंटेलाही करील.  यावर आप्पा गज आपटायचे. चहा निवायचा. मी मधे बसून दोघांना पाळीपाळीनं मान हलवायचो.

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्यांचं एकमत झालं तेव्हा.

आप्पांची एक भाची होती, गिरिजा. तिचे वडील चुडाव्याच्या स्टेशनात गाडीचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. आई नव्हती. आठवड्यातून एकदा वडील तिला ओळखीच्या गार्डाच्या नजरेखाली गाडीत बसवून द्यायचे, ती परभणीला मामाकडे येऊन गाणं शिकायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. सावळी, किडकिडीत, बोलायला अगदी कमी. पण तिनं सा लावला की दुकानातली माणसं कापड बघायची थांबत. आणि तिला मात्र आप्पा कधी 'कापड बघा' म्हणाले नाहीत. तिची पट्टी उंच, काळी पाच. तिच्यासाठी आप्पांनी धाकटा तंबोरा करवून घेतला होता. ती मामावर इतका विश्वास टाकून होती की एखादी तान घेतल्यावर ती चांगली झाली की वाईट, हे ती त्यांच्या चेहऱ्यावर बघून ठरवायची. मला ते तेव्हा फार गोड वाटायचं.

ती सोळा-सतरा वर्षांची झाली आणि वडिलांनी लग्न काढलं. आप्पा त्यांच्या हातापाया पडले. हे मी पाहिलं; मन्मथप्पा दुसऱ्यापुढे वाकलेले मी तोवर पाहिले नव्हते. हैदराबादला एक म्हातारे खाँसाहेब होते, घराणेदार, भल्याभल्यांना परत पाठवणारे. त्यांनी हिला शिकवायचं कबूल केलं तर आप्पांच्या दुसऱ्या बहिणीकडे तिची तिथं राहायची सोय होती. शेवटी वडील म्हणाले, खाँसाहेबांनी तोंडानं हो म्हटलं तर पोरगी तुमची. नाही म्हटलं तर मार्गशीर्षात लग्न, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मुलाकडच्यांना घरात गाणं चालणार नव्हतं. म्हणजे तिचं गाणं राहणार की जाणार, ते त्या एका बैठकीवर आलं.

खाँसाहेब औरंगाबादेकडून परतताना परभणीला एक दिवस थांबायचं कबूल झाले. त्यांचा निरोप आला: मुलगी साथीबरोबर कशी गाते ते पाहायचंय, सारंगी नसेल तर पेटी असू द्या. परभणीत सारंगीवाला कोण असणार? आप्पा दोन दिवस नुसते गज हातात धरून बसले. तिसऱ्या दिवशी वकील आले तेव्हा त्यांनी गज बाजूला ठेवला आणि विचारलं, दिगंबर, तुझ्या पेटीचे सूर मी खरे केले तर चालंल का?

पेटीच्या प्रत्येक सुराला आत पितळेची एक जीभ असते. तिला टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. एकदा खरवडलेलं पितळ परत येत नाही. वकिलांनी त्या पेटीला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "घेऊन जा. पोरीसाठी आहे."

आप्पांनी दुकान हाताखालच्या पोरावर सोडलं आणि मागच्या खोलीत पेटी उघडून बसले. समोर त्यांचा स्वतःचा तंबोरा, छेडायला मी. सोनाराकडची बारीक कानस घेऊन ते एकेका सुराची जीभ घासत. घासायचं, जाग्यावर बसवायचं, भाता हलवायचा, ऐकायचं, पुन्हा काढायचं. हात थरथरू नये म्हणून श्वास रोखायचे. एखादी जीभ जास्त घासली गेली तर संपलंच.  गिरिजेला बोलावून तिच्याकडून एकदा गाऊन घ्यावं असं ठरलं होतं, पण त्या आठवड्यात तिच्या वडिलांनी तिला पाठवलंच नाही. बैठकीला आणतो म्हणाले, तोवर घरात राहू द्या.

पेटी पुरी झाली त्या संध्याकाळी वकील आले. आप्पा काळी एकमधून गायले, वकिलांनी साथ केली, मी तंबोरा धरला. मला शब्दांत सांगता येत नाही. तंबोरा कुठं संपतो आणि पेटी कुठं सुरू होते ते कळेना. गांधारावर पेटी आणि तार एकमेकांत विरघळून गेली. वकिलांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मन्मथा, तुझंच खरं होतं रे," ते म्हणाले. आप्पांनी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांचं भांडण मिटलं म्हणून आम्ही तिघंही इतके खूश झालो की आमची डोकी बंद पडली. वकिलांना स्वतःचाच हुकमी मुद्दा आठवला नाही, आणि मी तर गणिताचा मास्तर होतो.

बैठक वकिलांच्या दिवाणखान्यात होती. चार माणसं जमवायची तरी तेव्हा कचेरीची परवानगी लागे. परवानगी दिवेलागणीपर्यंतची मिळाली आणि दाराशी एक पोलीस जवान येऊन बसला. खाँसाहेबांची गाडीही संध्याकाळचीच होती. त्यात चुडाव्याकडून येणारी गाडी उशिरा आली. गिरिजा आणि तिचे वडील धावतपळत पोचले तेव्हा खाँसाहेब येऊन, पान खाऊन, दोनदा घड्याळ बघून झाले होते. वडील दाराजवळ टोपी हातात घेऊन उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

पेटीच्या काळी पाचवरून मी धाकटा तंबोरा जुळवला. सा जुळला, पंचम जुळला, अगदी गोड. आप्पांनी समाधानानं मान हलवली. मग ते गिरिजेपाशी वाकले. पेटीचा तिरस्कार तिनं त्यांच्याकडूनच घेतलेला होता, आणि ती साथीशी झगडत बसेल ही त्यांना धास्ती होती. म्हणून ते हळू म्हणाले, "गिरिजे, आज पेटीचं ऐक बरं का. मी सोता जुळवलीय. ती खरी हाय." तिनं मान डोलावली.

यमन होता. तिनं सा लावला आणि खाँसाहेबांची चुळबुळ थांबली. मी तिच्या मागं बसलो होतो. तिच्या पाठीचा ताण उतरलेला मला दिसला. मग ती निषादावरून रिषभाला येऊन गांधारावर आली. तिचा गांधार बरोबर लागला, तारेतल्या गांधारावर जाऊन बसला. आणि त्याच वेळी वकिलांच्या बोटाखालून पेटीचा गांधार निघाला, तो कितीतरी वर. जुन्या पेटीचा चढा होता त्याहूनही वर. 

गिरिजा थांबली. तिनं मामाकडे पाहिलं. आप्पांनी डोकं वर केलं होतं, पण चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं. तिनं पुन्हा निषाद घेतला, पेटीचा निषादही तसाच ओरडला. वकिलांचे कान लाल झाले, बोटं अडखळली. आणि मग त्या पोरीनं जे केलं ते आठवलं की आजही मला बसल्या जागी कसंतरी होतं. तिनं आपला गांधार उचलला आणि पेटीच्या गांधाराला नेऊन लावला. मामानं सांगितलं होतं, पेटी खरी आहे. माझ्या तंबोऱ्यातून खरा गांधार येत होता, तिच्या कानाशी, हातभर अंतरावर; तो ऐकून ती त्याच्यापासून दूर गात होती. मी तारा जोरानं छेडल्या. ती आणखी वर गेली.

खाँसाहेबांनी डोळे मिटले ते गाण्यासाठी नव्हे.

आप्पांना कळलं ते तेव्हा. त्यांनी सगळे सूर घासले होते ते काळी एकच्या सा साठी, स्वतःच्या तंबोऱ्याशेजारी बसून. सा बदलला की प्रत्येक सुराची खरी जागा बदलते. एका षड्जासाठी खरी केलेली पेटी दुसऱ्या षड्जाला पहिल्यापेक्षा खोटी होते. हे परभणीत त्यांच्याइतकं चांगलं कुणाला माहीत होतं? पण कानस हातात घेतली तेव्हा सा म्हणजे त्यांचाच सा होता.

ते उठले, बैठक ओलांडून गेले आणि वकिलांच्या पेटीचा भाता हातानं दाबून बंद केला. लोकांना वाटलं, झालं, आप्पांचं जुनं भांडण इथंही निघालं. मागं कुणीतरी हसलंसुद्धा. वकील मान खाली घालून बसले. त्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं.  आप्पा खाँसाहेबांसमोर गुडघ्यावर बसले.

"वकीलसाहेबाची पेटी चांगली व्हती," ते म्हणाले. "मी घासून बिघडवली. माझ्या गळ्यापुरती केली. पोरीचा सूर बरोबर लागला व्हता, म्या सांगितलं म्हणून तिनं सोडला."

ज्या माणसानं देवाच्या घंटेला माफ केलं नव्हतं, तो भर बैठकीत हे बोलत होता. त्यांचा आवाज काळी एकमध्ये नव्हता, कुठल्याच पट्टीत नव्हता.

 खाँसाहेबांनी बूट मागवले. दाराशी गिरिजेच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. जवान उठून उभा राहिला, उजेड कमी व्हायला लागला होता. मला वाटलं, संपलं. आप्पा गिरिजेकडे वळून म्हणाले, "पेटीचं ऐकू नको. माझंबी ऐकू नको. माझ्याकडं बघूबी नको. गा." आणि ते स्वतः तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

तिला रडू येत होतं. पहिला सा फाटला. दुसराही. ती कुणाकडे बघावं हे शोधत होती आणि बघायला कुणी नव्हतं. आप्पांची पाठ होती फक्त. मी तंबोरा छेडत राहिलो, हळू, अगदी हळू. मग तिनं डोळे मिटले. तिसऱ्या वेळी सा लागला. निषाद, रिषभ, आणि गांधारापाशी ती थांबली. ती ऐकत होती. मग तिनं गांधार लावला. खाँसाहेबांचा एक पाय बुटात होता, दुसरा बाहेर. ती थांबेपर्यंत तो तसाच बाहेर राहिला.

त्यांनी हो म्हटलं. पण ते आप्पांना उद्देशून जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बच्ची का कान अच्छा है. मगर अभी वो कान उसका नहीं, तुम्हारा है. मेरे पास आएगी तो जब तक मैं ना कहूँ, तुम्हारे सामने नहीं गाएगी. मंज़ूर?"

आप्पा तेव्हाही भिंतीकडे तोंड करूनच बसले होते. त्यांनी मान हलवली. खाँसाहेब म्हणाले, ज़बान से बोलो. "मंजूर," आप्पा म्हणाले.

गिरिजा हैदराबादला गेली. वकिलांच्या पेटीचं पितळ परत आलं नाही. ते ती तशीच वाजवत, फक्त काळी एकमधून, फक्त आप्पांसाठी. संध्याकाळी दुकानात येणं सुरूच राहिलं, चहाही यायचा, पण भांडायला विषय उरला नव्हता. दोघं शेजारी बसून रस्त्याकडे बघत. मला ती शांतता भांडणापेक्षा जड जायची.

काही वर्षांत खाँसाहेब गेले. जाताना आप्पांसाठी काही निरोप ठेवला नाही. विसरले असतील, आजारी होते. वकील म्हणाले, आता अट कसली? शब्द घेणाराच राहिला नाही, कुठल्याही कोर्टात हेच ठरेल. आप्पा म्हणाले, शब्द देणारा हाय की. एका लग्नाला गिरिजा परभणीला आली होती. मामाच्या पाया पडली, त्यांना आवडतात म्हणून धपाटे केले, दोघं हैदराबादच्या गप्पा मारत बसली. दुपारी ती स्वयंपाकघरात काम करता करता स्वतःशीच गुणगुणायला लागली. आप्पा पानाची तयारी करत होते. ते उठले, वहाणा घातल्या आणि भर उन्हात दुकानाकडे चालू लागले. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला. इतकं कशाला, असं मी तोंडावर म्हणालोही. 

मग ते वाईट दिवस आले. निजामी राज्याचं ते शेवटचं वर्ष. संध्याकाळनंतर रस्ते ओस पडायचे, कुणाचं घर कधी पेटेल याचा भरवसा नव्हता. बरीच घरं सरहद्दीपलीकडे निघून चालली होती. तोवर माझं लग्न झालं होतं, बायकोला दिवस गेलेले होते. मीही मनमाडकडे निघायचं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी वकिलांनी निरोप पाठवला: हैदराबाद रेडिओवर गिरिजा गाणार आहे. त्यांनी नुकताच रेडिओ घेतला होता. आप्पांनाही सांगितलं होतं. ते आले नाहीत, पण वकिलांनी रस्त्याकडची खिडकी सताड उघडून ठेवली आणि आवाज मोठा केला. त्या दिवसांत असं करणं धोक्याचं होतं. तंबोरा सुरू झाला तेव्हा समोरच्या लिंबाखाली मला उंच आकृती दिसली. गिरिजेनं सा लावायच्या आत ती आकृती वळली आणि भराभर निघून गेली.

सकाळी गाडीला जाण्यापूर्वी मी दुकानात गेलो. अर्धा बाजार बंद होता. आप्पा एकटेच गादीवर बसले होते, समोर गिऱ्हाईक नाही. बायकोची चौकशी केली, वाटेत पाणी कुठलं प्यायचं नाही ते सांगितलं, बाळंतपणाला लागेल म्हणून मऊ कापडाचा एक तुकडा माझ्या पिशवीत घातला. मी निघालो तेव्हा म्हणाले, "मास्तर, काल ऐकलं?"

"ऐकलं."

"गांधार कसा व्हता?"

 ती यमनच गायली होती आणि तिचा गांधार आप्पांनी शिकवलेला नव्हता. खाँसाहेबांचाही असेल नसेल. तो आप्पांच्या गांधाराहून केसभर वर होता, आणि तिच्या गळ्यात तोच शोभत होता. मी शेवटी खरं ते सांगितलं, "तुमच्यावानी लावत न्हाई आता. जरा वर लावती."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात गजाकडे गेला. मला वाटलं, आता गज आपटणार.

"कुणाचं ऐकून लावल्यावानी वाटला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आप्पा. तिचा तिनंच लावला."

"मग बेस झालं," ते म्हणाले.  त्यांनी हातानंच मला जा म्हणून खूण केली, आणि मी निघालो.